किडनी स्कॅनला जाताना: तयारी कशी करावी आणि अहवाल कसा वाचावा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘डीटीपीए स्कॅन’, ‘ईसी रेनोग्राम’ किंवा ‘डीएमएसए’ असे काही लिहिलेले असले की घरातली मंडळी साधारणपणे दोन प्रश्न विचारतात. सोनोग्राफी झालेली असताना पुन्हा ही तपासणी कशासाठी, आणि किरणोत्सर्गी औषध शिरेतून दिल्याने काही अपाय तर होणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. मात्र न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करताना मला असे दिसले की, या दोन्हींहून महत्त्वाचा तिसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात: या तपासणीला मी कोणत्या अवस्थेत पोहोचले पाहिजे? गॅमा कॅमेरा शरीरातून येणारे किरण मोजतो आणि त्यावरून किडनीच्या कामाचा आलेख काढतो. समोर झोपलेल्या माणसाने बार्शीहून निघाल्यापासून घोटभरही पाणी प्यायलेले नाही, हे त्याला कळत नाही. कोरड्या पडलेल्या शरीरातली किडनी आणि अडथळा आलेली किडनी या दोघींचा आलेख कधीकधी इतका सारखा दिसतो की त्यावरून चुकीचा निर्णय होऊ शकतो. म्हणून हा लेख मुख्यतः सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून अशा तपासणीला जाणाऱ्यांसाठी आहे. तपासणी जवळ होवो की पुण्या-मुंबईला.

सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन असताना हे कशाला

सोनोग्राफी किडनीचा आकार, तिच्यातला खडा आणि सूज दाखवते. ती किडनी प्रत्यक्ष किती काम करते हे तिला सांगता येत नाही. रक्तातले क्रिएटिनिन काम सांगते, पण दोन्ही किडन्यांचे मिळून, आणि तेही उशिरा. एक किडनी पूर्ण निकामी झाली आणि दुसरीने भार उचलला, तरी क्रिएटिनिन बराच काळ लॅबच्या मर्यादेत राहू शकते. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होते, त्यामुळे ज्याच्या अंगावर मांस कमी त्याचा आकडा खोटा दिलासा देतो. आपल्याकडे विड्या वळून आयुष्य काढलेल्या, ६५ वर्षे वयाच्या आणि ४० किलो वजनाच्या आजींचे उदाहरण घ्या. त्यांचे क्रिएटिनिन १.२ आले तर घरचे म्हणतात, ‘अगदी थोडे जास्त आहे.’ परंतु वय आणि वजन धरून कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर त्यांच्या किडन्यांची क्षमता मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर निघते, आणि ही मुळीच किरकोळ गोष्ट नव्हे.

डावी किडनी किती काम करते, उजवी किती, आणि तयार झालेली लघवी खाली वाहते की वरच तुंबते, या तीन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे ट्रेसर देतो. अतिशय अल्प प्रमाणात किरणोत्सर्गी अणू जोडलेला पदार्थ शिरेतून द्यायचा आणि तो कुठे जातो याचा बाहेरून माग काढायचा, ही त्यामागची कल्पना. ती जॉर्ज हेवेशी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात रुजवली आणि त्यासाठी त्यांना १९४३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोणता ट्रेसर कशासाठी

चिठ्ठीवरची अक्षरे नीट वाचावीत, कारण तयारी आणि लागणारा वेळ त्यावर अवलंबून असतो. सर्व नावांच्या मागे किरण देणारा अणू बहुधा एकच असतो: टेक्नेशियम-९९एम. तो मॉलिब्डेनम-९९ पासून तयार होतो. विभागात शिसाचे आवरण असलेला एक जनरेटर असतो. त्यातून सलाईन ओढून रोज सकाळी ताजे टेक्नेशियम काढतात. या कामाला जगभर ‘गाय दुहणे’ असेच म्हणतात आणि ते समर्पक आहे, कारण सकाळी काढलेले दुपारपर्यंत वापरावे लागते. टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुष्यकाळ ६ तासांचा आहे. म्हणजे ६ तासांनी निम्मे उरते, १२ तासांनी पाव आणि २४ तासांनी सोळावा हिस्सा. दिलेल्या वेळेला पोहोचा, असे विभागातून पुन्हा पुन्हा बजावतात त्यामागे हे गणित असते. आपल्यासाठी मोजून ठेवलेली मात्रा आपली वाट पाहत कमी होत असते.

हे टेक्नेशियम कोणत्या रसायनाला जोडले आहे, यावर ते किडनीत काय करील हे ठरते. डीटीपीए हा पदार्थ किडनीच्या गाळणीतून, म्हणजे केशिकांच्या गुच्छातून, केवळ गाळला जातो. किडनीतल्या बारीक नलिका त्याला आत घेत नाहीत आणि बाहेरही टाकत नाहीत. त्यामुळे तो किती वेगाने गाळला जातो हे मोजले की गाळण्याची क्षमता, म्हणजे जीएफआर, मिळते. किडनी दान करू इच्छिणाऱ्या नातेवाइकाची तपासणी बहुधा याच ट्रेसरने होते, कारण तिथे दात्याकडे उरणारी किडनी त्याला आयुष्यभर पुरेल का हे आकड्यात पाहायचे असते.

डीटीपीएची एक मर्यादा आहे. रक्त किडनीतून एकदा फिरताना त्यातला सुमारे २० टक्केच डीटीपीए बाहेर काढला जातो. किडनी दुबळी असेल किंवा रुग्ण तान्हे बाळ असेल, तर चित्र फिके येते आणि आलेखावर विश्वास ठेवणे कठीण होते. अशा वेळी एमएजी३ किंवा ईसी वापरतात. हे पदार्थ मुख्यतः नलिकांच्या पेशी रक्तातून ओढून लघवीत टाकतात. एका फेरीत एमएजी३ निम्म्याच्या आसपास आणि ईसी त्याहूनही जास्त काढला जातो. भारतात ईसीचा वापर पुष्कळ आहे. चिठ्ठीवर डीटीपीए आहे आणि केंद्र ईसी करू म्हणते, असे झाल्यास गोंधळून जाऊ नये, पण ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली त्यांना एक फोन मात्र करावा. अडथळा पाहायचा असेल तर ईसी उत्तमच. पण त्यांना जीएफआरचा आकडाच हवा असेल तर ईसी तो थेट मोजत नाही.

डीएमएसएचे काम निराळे आहे. तो वाहून जाण्याऐवजी किडनीच्या बाहेरच्या थरातील नलिकापेशींना चिकटून बसतो आणि किडनीचे जणू स्थिर छायाचित्र देतो. लघवीच्या जंतुसंसर्गाने वारंवार ताप येणाऱ्या मुलांच्या किडनीवर व्रण राहिले आहेत का, हे पाहण्यासाठी तो वापरतात. यात एक बारकावा पालकांनी लक्षात ठेवावा. ताजा संसर्ग चालू असताना चित्रात दिसलेला फिका डाग पुढे भरून निघू शकतो. कायमचा व्रण पाहायचा असेल तर संसर्ग बरा झाल्यावर सुमारे ४ ते ६ महिने थांबून स्कॅन करतात. डॉक्टरांनी ‘सहा महिन्यांनी करू’ असे म्हटले तर ती हयगय नाही.

घरून निघण्यापूर्वी

सर्वात आधी पाणी, आणि यावर मी जरा अधिक लिहिणार आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत पंढरपूर, अक्कलकोट किंवा करमाळ्याहून एसटीने येणारा माणूस घामाने आधीच कोरडा झालेला असतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाळी संपवून थेट तपासणीला आलेल्या कामगाराची स्थिती याहून वाईट असते. आणि बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते जी त्या सहसा बोलून दाखवत नाहीत: वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने त्या प्रवासात पाणी पिणेच टाळतात. शरीरात पाणी कमी असले की किडनी लघवी आखडून धरते, ट्रेसर नलिकांमध्ये रेंगाळतो, आलेख उशिरा चढतो आणि सावकाश उतरतो. निरोगी किडनीचा आलेखही मग तुंबल्यासारखा दिसतो. मे महिन्यातल्या अशाच एका तपासणीत दोन्ही बाजूंनी निचरा मंद आला होता. त्या रुग्णाला नीट पाणी पाजून दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन केला तेव्हा एकाही बाजूला अडथळा नव्हता. दुसरी मात्रा, दुसरा दिवस आणि बुडालेली दुसरी हजेरी हे सारे आदल्या दिवशीच्या चार ग्लासांनी वाचले असते.

म्हणून आदल्या दिवसापासून नेहमीपेक्षा थोडे अधिक पाणी प्यावे आणि तपासणीच्या अर्धा ते एक तास आधी मोठ्या माणसाने सुमारे अर्धा लिटर, म्हणजे दोन ते तीन ग्लास, पाणी प्यावे. लहान मुलाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिलिटर या हिशेबाने द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला एक जास्तीचे दूध पुरते. लघवीचा रंग फिका दिसला की पाणी पुरेसे झाले असे समजावे. हृदयविकार, पायांवर सूज किंवा वाढलेला किडनीचा आजार यांमुळे ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी हा नियम स्वतःहून पाळू नये; किती प्यावे हे आधी त्याच डॉक्टरांना विचारावे.

उपाशी राहण्याची गरज सहसा नसते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन निघालात तरी हरकत नाही, फक्त त्यावर पाणी भरपूर प्यावे. जीएफआर मोजायचा असेल तर मात्र त्या दिवशी मटणाचे भरपेट जेवण टाळावे, कारण जास्त प्रथिनांच्या जेवणानंतर गाळण्याचा वेग काही काळ वाढतो आणि आकडा किडनीच्या नेहमीच्या कामापेक्षा चढा येतो.

औषधांची यादी तोंडी सांगण्यापेक्षा गोळ्यांची पाकिटेच पिशवीत टाकावीत. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते आणि रुग्णाला ते ठाऊक नसते. सांधेदुखीच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या किडनीचे काम तात्पुरते मंदावू शकतात, म्हणून दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्याही सांगाव्यात. किडनीच्या धमनीचे अरुंदपण पाहण्यासाठी कॅप्टोप्रिल देऊन जो रेनोग्राम करतात, त्यासाठी रक्तदाबाची काही औषधे काही दिवस आधी थांबवावी लागतात. पण कोणतीही गोळी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय बंद करू नये. सल्फा गटाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून नोंदवावी, कारण तपासणीत दिले जाणारे लघवी वाढवणारे औषध, लॅसिक्स, रचनेने त्या गटाशी संबंधित आहे. गेल्या काही दिवसांत कॉन्ट्रास्ट (चित्र ठळक येण्यासाठी शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन किंवा आयव्हीपी (किडनीचे एक्स-रे) झाले असेल, अथवा हाडांचा, थायरॉईडचा किंवा पेट स्कॅन झाला असेल, तर तेही तारीख घेतानाच सांगावे.

सोबत सोनोग्राफीचा अहवाल हवाच. किडनी पाठीकडे असतात म्हणून कॅमेरा एरवी पाठीखालून चित्र घेतो. परंतु एखाद्याची किडनी जन्मतः ओटीपोटात असेल किंवा प्रत्यारोपण केलेली असेल, तर कॅमेरा पुढून लावावा लागतो, आणि हे आधी माहीत नसेल तर ती किडनी अकारण कमजोर दिसते. किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून घातलेली बारीक नळी, म्हणजे डीजे स्टेंट, असल्यास तसे सांगावे, कारण मूत्राशय भरला की स्टेंटमधून लघवी उलट वर चढू शकते आणि निचऱ्याचा हिशेब चुकतो. अशा वेळी मूत्राशय रिकामा ठेवण्यासाठी नळी घालतात. किडनीतली लघवी बाहेर काढण्यासाठी पाठीतून नळी घातलेली असेल तर ती तपासणीच्या वेळी उघडी ठेवायची की बंद, हे सर्जनकडून कागदावर लिहूनच घ्यावे. यापूर्वीचा स्कॅन असेल तर त्याची सीडी आणि अहवाल दोन्ही न्यावे.

कपडे साधे, सुती, धातूविरहित असावेत. कमरेच्या पट्ट्याचे बक्कल, खिशातली नाणी, तंबाखूची डबी आणि मुलाच्या कमरेचा चांदीचा करदोटा हे सारे नेमके किडनीच्या पातळीवर येतात आणि किरण अडवतात. करदोटा काढायला आजीचा विरोध होतो, म्हणून तो विषय घरीच मिटवून यावा. आजी-आजोबांची घरची भाषा तेलुगू किंवा कानडी असेल, जसे सोलापुरात कित्येक घरांत असते, तर ‘हलू नका’, ‘श्वास नेहमीसारखा घ्या’, ‘आता लघवी करून या’ एवढ्या सूचना त्यांच्या भाषेत सांगू शकेल असे माणूस सोबत आणावे. घरात कोणी गरोदर असेल तर तिला सोबत आणू नये. रुग्ण स्वतः गरोदर असण्याची थोडीही शक्यता असेल, किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर सुई टोचण्यापूर्वी ते स्पष्ट सांगावे.

तपासणीच्या खोलीत

प्रथम उंची आणि वजन मोजतात. ही औपचारिकता नव्हे. गॅमा कॅमेऱ्यावर जीएफआर काढण्याच्या गेट्स पद्धतीत किडनी पाठीपासून किती खोल आहे याचा अंदाज उंची आणि वजनावरून बांधतात, कारण मधले मांस किरणांचा काही भाग गिळते. गेल्या वर्षीचे वजन आठवून सांगितले तर त्या चुकीचा परिणाम थेट अंतिम आकड्यावर होतो. काटा असेल तिथे काट्यावर उभेच राहावे.

त्यानंतर लघवी करून यायला सांगतात आणि शिरेत छोटी नळी लावतात. औषध भरलेली सिरिंज कॅमेऱ्यासमोर धरून मोजतात आणि टोचून झाल्यावर रिकामी सिरिंजही पुन्हा मोजतात. दोन्हींच्या फरकावरून शरीरात नेमके किती गेले ते कळते. हे सर्व शिरेतच गेले पाहिजे. सुईच्या जागी फुगवटा आला, जळजळ झाली, तर ती निमूट सहन करू नये, लगेच सांगावे. औषधाचा काही भाग हातातच साचून राहिला तर तो किडनीपर्यंत पोहोचत नाही, आणि यंत्र मात्र तो पोहोचला असे धरून जीएफआर काढते. परिणामी निरोगी माणसाचा आकडाही कमी येतो.

रुग्ण पाठीवर झोपतो आणि औषध टोचताक्षणी कॅमेरा सुरू होतो. पहिल्या मिनिटात रक्तपुरवठा दिसतो, पुढच्या दोन-तीन मिनिटांत किडनी ट्रेसर उचलते, आणि निरोगी किडनीत साधारण ३ ते ५ मिनिटांत आलेख शिखरावर पोहोचून उतरू लागतो. एकूण २० ते ३० मिनिटे स्थिर पडून राहावे लागते. खोलीत वातानुकूलन असल्याने थंडी वाजते; तान्ह्या बाळाला मऊ चादरीत घट्ट गुंडाळून, दूध पाजून, झोपवूनच टेबलावर ठेवले तर पुष्कळदा झोपेचे औषध लागत नाही. आईने बाळाला तपासणीच्या आधीच्या तासात मुद्दाम जागे ठेवावे; एवढ्या एका युक्तीने किती तरी स्कॅन पहिल्या प्रयत्नात चांगले आलेले पाहिले आहेत.

निचरा पाहायचा असेल तर लॅसिक्स देतात. कुठे ट्रेसरच्या आधी, कुठे सोबत, कुठे २० मिनिटांनी. लघवीचा जोर वाढवून वाट मोकळी आहे की नाही हे तपासणे हा उद्देश असतो. त्यामुळे टेबलावरच लघवीची तीव्र भावना होते. अगदीच असह्य झाले तर सांगावे, पण शक्यतो धरून ठेवावे. शेवटी लघवी करून येऊन, काही वेळ उभे राहून किंवा चालून, पुन्हा एक चित्र घेतात. या शेवटच्या चित्राचा कंटाळा करून निघून जाऊ नये. पडून असताना न उतरलेले पाणी उभे राहिल्यावर सहज उतरले, तर अडथळ्याची शंका बरीच कमी होते. लघवीचा एखादा थेंब कपड्यावर पडला तरी तो चित्रात ठळक ठिपक्यासारखा दिसतो, म्हणून तसे झाल्यास कपडा बदलावा.

डीएमएसएचा दिनक्रम वेगळा असतो. सकाळी सुई देऊन २ ते ३ तासांनी परत बोलावतात, कधी आणखी उशिरा. मधल्या वेळात खावे, प्यावे, फिरावे. पुण्याला गेलेल्यांनी परतीच्या गाडीचे आरक्षण हे धरूनच करावे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी दुपारी मोकळे होऊ असा हिशेब डीएमएसएच्या दिवशी करू नये.

किरणांची भीती

मोठ्या माणसाला डीटीपीएची सुमारे ५ मिलिक्युरी मात्रा दिली तर शरीराला मिळणारा प्रभावी डोस साधारण १ मिलिसिव्हर्ट भरतो. माती, खडक, आकाश आणि अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग तसाही मिळत असतो. मुलांना मात्रा वजनाप्रमाणे कमी करून देतात. ट्रेसर पदार्थाचे वजन इतके नगण्य असते की किडनीवर त्याचा रासायनिक भार पडत नाही. सीटीच्या कॉन्ट्रास्टबद्दल जी भीती किडनीच्या रुग्णांना असते, ती येथे लागू नाही. भारतात असे विभाग अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवान्यानेच चालतात.

तरीही घरी गेल्यावर काही गोष्टी पाळाव्यात. त्या दिवशी पाणी भरपूर प्यावे आणि वारंवार लघवी करावी, कारण ट्रेसर त्याच वाटेने बाहेर पडतो. पुरुषांनीही बसून लघवी करावी, पाणी दोनदा सोडावे आणि हात साबणाने धुवावेत. बाळाचे लंगोट बदलताना हातमोजे घालावेत आणि हात धुवावेत. लहान मुलांना त्या दिवशी फार वेळ मांडीवर घेऊन बसू नये. गाडीतल्या शेजारच्या प्रवाशाला अपाय होईल अशी भीती मात्र बाळगू नये.

याहून व्यवहाराची काळजी वेगळीच आहे. शिरेतून दिलेल्या लॅसिक्सचा परिणाम सुमारे २ तास टिकतो. तेवढा वेळ स्वच्छतागृहाजवळ काढावा, थोडे थोडे पाणी प्यावे, आणि मगच एसटीत बसावे. वयस्कर माणसाला एकदम उठवू नये, चक्कर येऊ शकते. परतीला रेल्वे मिळत असेल तर तीच बरी.

अहवाल हातात आल्यावर

अहवालातली पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही किडन्यांतली वाटणी. ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यानचा वाटा सामान्य मानतात. परंतु हा वाटा आहे, प्रमाणपत्र नाही. ‘डावी ५०, उजवी ५०’ हे वाचून लोक निश्चिंत होतात. पण एकूण जीएफआर ३६ असेल तर प्रत्येक किडनी १८ मिलिलिटरच गाळते आहे, म्हणजे दोघी सारख्याच आजारी आहेत. याउलट डावी ३८ टक्के, उजवी ६२ टक्के आणि एकूण जीएफआर ८४ असेल, तर डावीचे काम सुमारे ३२ आणि उजवीचे ५२ मिलिलिटर येते. येथे वाटणी विषम असली तरी एकूण परिस्थिती पहिल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. टक्का नेहमी एकूण आकड्यासोबतच वाचावा.

जीएफआर शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाला जुळवून दिला आहे का, तेही पाहावे. तरुण निरोगी माणसात तो साधारण ९० ते १२० असतो आणि चाळिशीनंतर हळूहळू उतरतो; सत्तरीतल्या आजोबांचा ७२ हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. कॅमेऱ्यावर काढलेला जीएफआर हा अंदाज असतो. रक्ताचे नमुने ठरावीक वेळांनी घेऊन केलेले मोजमाप अधिक अचूक मानतात, म्हणून दात्याच्या बाबतीत आकडा सीमारेषेवर आला तर ते करता येईल का असे जरूर विचारावे. लॅबच्या कागदावरील ‘ईजीएफआर’ क्रिएटिनिनवरून सूत्राने काढतात. तो आणि स्कॅनचा जीएफआर शेजारी ठेवून ‘किडनी बिघडली’ किंवा ‘सुधारली’ असा निष्कर्ष काढू नये.

निचऱ्यासाठी अहवालात ‘टी-हाफ’ लिहितात, म्हणजे लॅसिक्सनंतर किडनीतला ट्रेसर निम्मा व्हायला लागलेली मिनिटे. १० मिनिटांच्या आत निम्मा झाला तर वाट मोकळी, २० मिनिटांहून अधिक लागली तर अडथळ्याची शक्यता, आणि मधल्या पट्ट्यात अनिश्चितता, असा ढोबळ नियम आहे. तो ढोबळच ठेवावा. किडनीतल्या लघवी गोळा होणाऱ्या, जन्मापासून फुगून सैल झालेल्या पिशवीतून पाणी सावकाशच उतरते, अडथळा नसला तरी. फार दुबळी किडनी लॅसिक्सला दादच देत नाही, त्यामुळे तिचा टी-हाफ जवळजवळ अर्थहीन असतो. कोरडे शरीर आणि भरलेला मूत्राशय यांची गोष्ट वर आलीच आहे. मंद निचरा लिहून आला, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी डॉक्टरांना शांतपणे विचारावे: त्या दिवशी रुग्णाने पुरेसे पाणी प्यायले होते का, आणि लघवी करून आल्यानंतरचे चित्र काय सांगते?

पीयूजे म्हणजे किडनी आणि मूत्रवाहिनीच्या सांध्यावर अरुंदपणा असलेल्या मुलांत एकाच स्कॅनवर निर्णय क्वचित होतो. त्या किडनीचा वाटा ४० टक्क्यांच्या खाली असणे, किंवा लागोपाठच्या स्कॅनमध्ये तो १० टक्क्यांहून अधिक घसरणे, या गोष्टींकडे सर्जन गांभीर्याने पाहतात. मोठ्यांमध्ये एखाद्या किडनीचा वाटा १० टक्क्यांच्याही खाली गेला असेल, तर ती दुरुस्त करावी की काढावी हा प्रश्न उभा राहतो; अशा वेळी दुसरे मत घेण्यात संकोच करू नये.

लागोपाठच्या दोन स्कॅनची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच केंद्रात, एकाच ट्रेसरने आणि पाण्याची सारखीच तयारी करून झालेले असावेत. वेगळा कॅमेरा आणि वेगळी पद्धत यांमुळे पडलेला फरक किडनीच्या माथी मारला जातो. यासाठी एक साधी सवय उपयोगी पडते. अहवालाच्या मागच्या बाजूला घरच्या कोणीतरी पेनाने लिहून ठेवावे: तपासणीची तारीख आणि वेळ, ट्रेसरचे नाव, त्या दिवशीचे वजन, आधीच्या तासात किती ग्लास पाणी प्यायले, लॅसिक्स केव्हा दिले, स्टेंट होता की नव्हता, आणि चालू असलेल्या गोळ्या. सीडी त्याच पाकिटात ठेवावी आणि पुढच्या वेळी तारीख ठरवताना तो कागद समोर धरून फोन करावा.